वाचकांचे प्रश्न : वेगळ्या वाटेनं वाढणारी मुलं आणि पदव्युत्तर अभ्यास

स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, बोलण्यातला उशीर अशा विकासात्मक विकारांचा पदव्युत्तर पातळीवर अभ्यास करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आली आहेत. त्यांतली पाच या अंकात घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सांगलीत राहते. मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे स्वमग्न मुलांबरोबर काम करायचं आहे. ब्रिटनमध्ये विकासात्मक विकारांवर एक वर्षाचं एम.एस्सी. आहे, घरचे कर्ज काढायला तयार आहेत. ते करून आल्यावर सांगलीत स्वतःचं केंद्र काढता येईल का? की इथलाच एखादा कोर्स करावा?

कर्जाचा अर्ज भरण्याआधी एक फरक समजून घ्या. या क्षेत्रात काही पदव्या मुलांवर काम करण्याचा कायदेशीर अधिकार देतात आणि काही पदव्या विषयाचं ज्ञान आणि संशोधनाची तयारी देतात. तुम्ही लिहिलेलं एम.एस्सी. दुसऱ्या गटातलं आहे. तिथल्या अशा पदवीला एकूण 180 क्रेडिट असतात आणि त्यांतले साधारण 60 एकट्या प्रबंधाला जातात. उरलेल्यात संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, मेंदूचा विकास आणि एकेका विकारावरचे पेपर असतात. शिकवणं चांगलं असतं, वाचन भरपूर होतं. पण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मूल तपासायचं, पालकांशी बोलायचं, अहवाल लिहायचा, तो दुरुस्त करून घ्यायचा, हा सराव त्यात नसल्यातच जमा असतो. पुढे पीएच.डी. करायची असेल किंवा संशोधन प्रकल्पावर काम करायचं असेल तर ही पदवी उपयोगाची. केंद्र काढायला तिचा आधार पुरणार नाही.

कारण आपल्याकडे 1992 चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे. बोलताना सगळे त्या परिषदेला आरसीआय म्हणतात. या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून देशात कुठेही व्यवसाय करता येत नाही आणि त्या नात्यानं द्यायच्या दाखल्यावर सहीही करता येत नाही. मोडल्यास 1 वर्षापर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटते म्हणून कोणी हे मनावर घेत नाही. पण खरा फटका पालकांना बसतो. नोंदणी नसलेल्या माणसाचा अहवाल घेऊन ते दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जातात आणि तो अहवाल धरलाच जात नाही. तपासणीचे पैसे वाया जातात, मुलाचे महिने वाया जातात. परदेशी पदवीसाठी परिषदेची मान्यता वेगळी घ्यावी लागते. ती मिळेलच असं धरून कर्ज काढू नका.

आता इथले रस्ते. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही ओळख 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बांधून दिली आहे. मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालचं, आरसीआयमान्य क्लिनिकल प्रशिक्षण, म्हणजे आजवरचं एम.फिल. इतर विषयांतलं एम.फिल. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 च्या नियमावलीनं बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजीला मात्र मुदत वाढवून दिली गेली. त्यामुळे अभ्यासक्रमांची नावं आणि रचना सध्या बदलते आहे, जुन्या माहितीपत्रकावर जाऊ नका. दुसरा रस्ता पुनर्वास मानसशास्त्राचा. तिसरा विशेष शिक्षणाचा, आधी विशेष बी.एड., मग विशेष एम.एड.; वर्गात मुलाबरोबर रोज बसायची आवड असेल तर आमच्या मते हाच सगळ्यांत भरीव. वाचा-उपचार तुमच्यासाठी नाही, त्याला पदवीपासूनच तोच विषय लागतो. ऑक्युपेशनल थेरपीचंही तसंच.

संस्था जवळपास म्हणाल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, सिकंदराबादला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्था आणि नवी मुंबईत तिचं विभागीय केंद्र आहे, बंगळूरुला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. मिरज जंक्शन दाराशी असल्यामुळे सांगलीकरांना बंगळूरुलाही थेट रेल्वेनं जाता येतं.

संस्थेच्या पाटीवर ‘आरसीआयमान्य’ लिहिलेलं असतं तेवढ्यावर प्रवेश घेऊ नका. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही, ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक वर्षांसाठी आणि ठरावीक जागांसाठी मिळते. मान्यतेचं पत्र मागा आणि त्यात तुमच्या प्रवेशाचं वर्ष आहे का ते बघा. मग विचारा : देखरेख करणाऱ्या तज्ज्ञांचा नोंदणी क्रमांक काय, आठवड्याला किती मुलं येतात आणि त्यांतली पाच वर्षांखालची किती. स्वमग्नतेत काम करायचं आहे आणि सराव मात्र दहावीच्या परीक्षेतल्या सवलतीचा दाखला घ्यायला आलेल्या मुलांवर झाला, असं होता कामा नये. शनिवार-रविवारच्या ‘ऑटिझम थेरपिस्ट’ प्रमाणपत्रांनी नोंदवहीत नाव लागत नाही.

आधी इथला परवाना घ्या आणि परदेशाचा विचार नंतर करा, असं आमचं स्पष्ट मत आहे. चारपाचशे मुलं हाताखालून गेल्यावर संशोधनाचे प्रश्नही जास्त चांगले सुचतात.

प्रश्न : मी जत तालुक्यात विशेष शिक्षिका आहे आणि पदव्युत्तर लघुप्रबंध करते आहे. विषय डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा भाषाविकास. मार्गदर्शकांनी सांगितलं की मानसिक वय सारखं असलेल्या सामान्य मुलांशी जोड्या लावा. जोड्या काही केल्या लागत नाहीत. शिवाय माझ्याकडची निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात आणि चाचणी मराठीत आहे.

ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही या विषयाच्या मुळाशी आहेत. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी जोड्यांचं. समजा तुमच्याकडच्या 12 वर्षांच्या मुलीचं मानसिक वय 5 निघालं, म्हणजे चाचणीत तिचे गुण सरासरी 5 वर्षांच्या मुलाइतके आले. तिच्या जोडीला तुम्ही अंगणवाडीतली 5 वर्षांची मुलगी घेतलीत. दोघींचे गुण सारखे, पण एकीनं 12 वर्षं भाषा ऐकली आहे, सहा वर्षं शाळा केली आहे, घरात तिच्याशी बोलण्याची सगळ्यांची एक ठरलेली पद्धत बसली आहे. गुण सारखे म्हणून दोघींचं मन सारखं चालतं असं म्हणता येत नाही. मानसिक वय कशावर काढलं हेही पाहा. शब्दसंग्रहाच्या चाचणीवर जोड्या लावल्या आणि नंतर भाषाच तपासली, तर जो फरक शोधायचा तो तुम्ही जोडी लावतानाच पुसून टाकलेला असतो. म्हणून भाषेच्या अभ्यासात जोडी बिनशाब्दिक चाचणीवर लावतात. त्यातही एक खड्डा आहे. रेव्हनच्या रंगीत आकृत्यांच्या चाचणीत 36 प्रश्न असतात आणि प्रत्येकाला 6 पर्याय. काहीही न समजता नुसतं बोट ठेवत गेलेल्या मुलालासुद्धा सरासरी 6 गुण पडतात. तेव्हा 5, 6, 7 गुणांची मुलं एकाच मापाची धरून जोड्या लावल्यात तर तुम्ही योगायोगाच्या जोड्या लावत आहात. तुमच्या जोड्या लागत नाहीत त्याचं एक कारण बहुधा हेच असेल.

दुसरं, जोडी लावल्यावर एका क्षणाचं चित्र मिळतं, वाट दिसत नाही. हा मुद्दा ॲनेट कार्मिलोफ-स्मिथ या संशोधिकेनं आयुष्यभर लावून धरला. विल्यम्स सिंड्रोममध्ये सातव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा, सुमारे 25 ते 28 जनुकं, गळलेला असतो. अशी माणसं मोठेपणी छान बोलतात आणि अंकांत मात्र फार मागे असतात. डाउन सिंड्रोमच्या प्रौढांत शब्दसंग्रह त्यांच्यापेक्षा कमी आणि अंकांचं काम त्यांच्यापेक्षा बरं दिसतं. त्यावरून एक सोपं अनुमान निघतं की विल्यम्समध्ये भाषेचा कप्पा शाबूत आणि अंकांचा बिघडलेला, तोही जन्मापासून. 1999 साली त्यांच्या गटानं लहान बाळं तपासली तेव्हा चित्र उलट निघालं. शब्द समजण्यात दोन्ही गटांची बाळं सारखीच मागे होती आणि वस्तूंची संख्या बदललेली ओळखण्यात विल्यम्सची बाळं डाउनच्या बाळांच्या पुढे होती. म्हणजे मोठेपणीची बलस्थानं आणि उणिवा वाढीच्या ओघात तयार होतात. प्रौढावरून बाळाचा अंदाज बांधता येत नाही, आणि एका वयाच्या गुणांवरून मुलाचाही नाही.

याचा तुमच्या प्रबंधाला सरळ उपयोग असा. जोड्या सोडून द्या आणि रेषा काढा. डाउन सिंड्रोमची जेवढी मुलं मिळतील तेवढी घ्या, वय 5 ते 16 चालेल. साधारण हजार जन्मांमागे एक असं प्रमाण धरलं तर एका तालुक्यात पंधरा-वीस मुलं मिळवायलाही फिरावं लागेल, तेव्हा वयाची अट घट्ट ठेवू नका. तुलनेसाठी 3 ते 9 वर्षांची 30-35 मुलं घ्या आणि ती सगळ्या वयांत पसरलेली असू द्या. सगळी पाच वर्षांचीच घेतली तर रेषा निघणार नाही. आलेखकागदावर आडव्या अक्षावर वय महिन्यांत, उभ्या अक्षावर भाषेचे गुण. एकेक मूल म्हणजे एकेक ठिपका. संगणकाला हात लावण्याआधी हे ठिपके हातानं काढा. चुकून भरलेलं वय, भलताच वर किंवा खाली गेलेला गुण लगेच नजरेत येतो. मग दोन्ही गटांच्या रेषा काढून दोन गोष्टी पाहा : सुरुवातीची उंची किती वेगळी आहे आणि चढ किती वेगळा आहे. वय शून्यापासून मोजू नका, डाउन गटातल्या सर्वांत लहान मुलाचं वय शून्य धरून मोजा. नाहीतर सुरुवातीच्या उंचीचा आकडा, मुलं जन्मताच किती बोलतात असा निरर्थक निघतो.

त्यानंतर हाच आलेख पुन्हा काढा, या वेळी आडव्या अक्षावर बिनशाब्दिक मानसिक वय घेऊन. पहिल्या आलेखात रेषा खाली आहे, पण दुसऱ्यात सामान्य मुलांच्या रेषेवर जाऊन बसते, तर भाषा एकूण आकलनाच्या वेगानं चालली आहे. दुसऱ्या आलेखातही चढ कमीच राहिला तर भाषेत स्वतंत्र अडचण आहे. प्रबंधाचा निष्कर्ष इथे आहे. आणि सामान्य मुलांनी सातव्या वर्षीच पूर्ण गुण मिळवले असतील तर त्यापुढचे ठिपके रेषेतून काढा. छताला टेकलेल्या गुणांनी रेषा खोटी सपाट होते. वेगवेगळ्या वयांची मुलं एकदाच तपासली असतील तर ‘मुलं प्रगती करतात’ असं लिहू नका, ‘मोठ्या मुलांचे गुण जास्त आहेत’ एवढंच लिहा. प्रगती म्हणायची तर तीच मुलं सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तपासावी लागतील. तसं करणार असाल तर ऊसतोडीच्या कुटुंबांतली मुलं आधीच ओळखून ठेवा. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, की ती गावी जातात आणि दुसऱ्या फेरीला सापडत नाहीत.

भाषेचे गुण घेण्याआधी कान तपासा. डाउन सिंड्रोमच्या मुलांत कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकू कमी येणं फार आढळतं, आणि ते येतं-जातं, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. थायरॉइडची कमतरताही या मुलांत जास्त. ऐकण्याची तपासणी न करता लिहिलेला भाषेचा प्रबंध आम्ही तरी पुरा मानणार नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागाला शाळेमार्फत पत्र द्या आणि मुलं एकाच दिवशी घेऊन जा.

आता कन्नडचं. उमदी, संख भागात मूल घरी कन्नड, शाळेत मराठी अशा दोन भाषांत वाढतं. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही, डाउन सिंड्रोमच्या मुलांतही नाही. पण एकाच भाषेत मोजलं तर मूल आहे त्याहून मागे दिसतं. म्हणून पालकांना ‘घरी कोणती भाषा’ असा एका शब्दाचा प्रश्न विचारू नका. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मुलाशी कोण किती वेळ कोणत्या भाषेत बोलतं ते तासांत लिहून घ्या. आई, आजी, शाळा, टीव्ही सगळं. निम्म्याहून जास्त वेळ कन्नड असेल तर कन्नड घरभाषा असलेल्या शिक्षकाकडून कन्नडमध्येही तपासा. शब्दसंग्रह मोजताना पाण्याच्या चित्राला मूल ‘नीरु’ म्हणालं तर गुण पूर्ण द्या. मराठी चाचणीचं घरच्या घरी कन्नड भाषांतर करून तिची प्रमाणकं मात्र लावू नका. एका भाषेतला सोपा शब्द दुसरीत अवघड असू शकतो, मग वयाचं कोष्टक लागू पडत नाही. कच्चे गुण वापरा आणि तुलनेची मुलं त्याच गावांतली, तशीच दुभाषी घ्या. सांगली शहरातल्या मुलांशी तुलना केलीत तर तुम्ही डाउन सिंड्रोम मोजलात की जत तालुका, हे परीक्षक विचारतील.

चुकांची नोंद करताना जवळून पाहा. मूल ‘ती खुर्ची मोडली’ऐवजी ‘तो खुर्ची मोडला’ म्हणालं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, त्यामुळे कन्नड घरातलं कोणतंही मूल मराठीत ही चूक करेल. ‘भाकरी’ला ‘बाकरी’ म्हणालं, तर बोलीतल्या कन्नडमध्ये महाप्राण सहसा उच्चारत नाहीत, हा उच्चारदोष नाही. ‘हिकडं’, ‘व्हय’, ‘करतुया’ हे तर आपल्या भागाचं मराठीच आहे, त्याला चूक कशी म्हणाल? विकाराची खूण दोन्ही भाषांत दिसली पाहिजे. कन्नडमध्येही वाक्य दोनच शब्दांचं राहतं, क्रियापदाचा शेवट गळतो, काय झालं ते क्रमानं सांगता येत नाही, आजीलाही मूल भावंडांपेक्षा वेगळं वाटतं, अशा नोंदी जमल्या तर विकार म्हणा.

प्रश्न : कराडला फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे. लवकर जन्मलेल्या बाळांच्या विकासचाचणीत वय कोणतं धरायचं यावरून आमच्यात वाद आहे.

दोन वर्षांपर्यंत सुधारित वय धरा. बाळ 30 आठवड्यांना जन्मलं म्हणजे 40 मधून 10 आठवडे आधी. आज ते 9 महिन्यांचं, म्हणजे 39 आठवड्यांचं आहे. 10 वजा केले की 29 आठवडे, म्हणजे सुमारे 6.7 महिने. कारक, म्हणजे हालचालींचा, विकास 6 महिन्यांचा आला तर जन्मतारखेनं विकासांक 6 भागिले 9 गुणिले 100, म्हणजे 67 निघतो आणि 70 च्या खाली गेल्यामुळे ‘विलंब’ लिहिला जातो. सुधारित वयानं तोच 90 येतो. बाळ तेच, तपासणी तीच.

चूक बहुधा वजाबाकीत होते. महिने आणि आठवडे एकत्र करून 10 आठवड्यांचे ‘अडीच महिने’ धरतात, ते जवळपास चालतं. पण काही जण 36 किंवा 37 आठवड्यांपासून वजा करतात, ते चुकीचं आहे. वजाबाकी नेहमी 40 मधून. आणि लसीकरण जन्मतारखेनंच होतं, तिथे सुधारित वय लावू नका. आपल्याकडे बाळांच्या विकासासाठी वापरात असलेल्या ‘डासी’ चाचणीत कारक 67 आणि मानसिक 163 बाबी आहेत आणि ती 30 महिन्यांपर्यंत चालते, त्यामुळे अहवालात दोन्ही वयं लिहून कोणतं वापरलं ते नमूद करा. पुढच्या भेटीला दुसरा माणूस असेल तर त्याला कळलं पाहिजे. सुधारित वयानंही मागे पडलेलं, एका बाजूचा हात कमी वापरणारं किंवा पाय ताठ धरणारं बाळ दिसलं तर अंकाची वाट न पाहता लगेच पुढे पाठवा.

प्रश्न : विट्याहून लिहिते. भाऊ गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त तमिळनाडूत असतो. सध्या वहिनी आणि 22 महिन्यांचा भाचा गावी आले आहेत. तो बोलत नाही. मी बालविकासात एम.ए. करते, म्हणून स्वमग्नतेचा धोका चाळून पाहणारी एम-चॅट प्रश्नावली वहिनींकडून भरून घेतली. 5 गुण आले. वहिनींना स्वमग्नता आहे असं सांगू का?

नाही. पण गप्पही बसू नका.

आधी गुण पुन्हा मोजा. या प्रश्नावलीत 20 प्रश्न असतात. बहुतेकांना ‘नाही’ हे उत्तर धोक्याचं, पण 2, 5 आणि 12 या तीन प्रश्नांना ‘हो’ हे उत्तर धोक्याचं. नवख्यांकडून सर्वांत जास्त चूक इथे होते. 0 ते 2 कमी धोका, 3 ते 7 मध्यम, 8 पासून पुढे जास्त. तुमचे 5 खरे असतील तर पुढची पायरी ठरलेली आहे : अडलेल्या प्रत्येक प्रश्नावर उदाहरणं घेऊन पाठपुराव्याची मुलाखत. त्यानंतरही 2 किंवा अधिक राहिले तर तज्ज्ञाकडे. पुष्कळ मुलांचे गुण या मुलाखतीत खाली येतात, कारण कागदावर आई ‘नाही’ म्हणते आणि विचारलं की ‘तसं करतो की कधी कधी’ असं निघतं.

मुलाखतीत बोट दाखवण्यावर थांबा. बिस्किटाचा डबा हवा म्हणून बोट दाखवणं आणि गल्लीतून ट्रॅक्टर चालला आहे तो तुम्हीही बघा म्हणून बोट दाखवणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरीत मूल बोट दाखवून तुमच्या तोंडाकडे वळून पाहतं, तुम्ही पाहिलं का याची खात्री करतं. 22 व्या महिन्याला हे नसेल, मूल तुमचं मनगट धरून नुसतं डब्याकडे नेत असेल, तर ती नोंद गुणांपेक्षा महत्त्वाची. 12 महिन्यांपर्यंत हातवारे किंवा बडबड नाही, 16 पर्यंत एकही शब्द नाही, 24 पर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, यांतलं काहीही असेल तर वाट पाहायची नाही. शब्द मोजताना तमिळ शब्दही मोजा, शेजारणीनं शिकवलेले असतील.

वहिनींना नाव सांगू नका, दिसलं ते सांगा. ‘वहिनी, हाक मारल्यावर हा वळत नाही आणि बोट दाखवत नाही, आपण कान आणि वाढ दोन्ही दाखवून घेऊ या.’ घरात कोणी म्हणेल की मुलगे उशिरा बोलतात, याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले. वाद घालू नका. तपासणीनं नुकसान काहीच होत नाही आणि थांबल्यानं महिने जातात, एवढंच सांगा. श्रवण तपासणी आधी, ती चुकवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट न पाहता आरोग्य केंद्रातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी घ्या. अहवालाची प्रत वहिनींकडे राहू द्या. हा कार्यक्रम देशभर आहे, तमिळनाडूत परत गेल्यावर तिथल्या केंद्रात तोच अहवाल दाखवता येईल. आणि मराठी बोलायचं थांबवा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आई ज्या भाषेत भरभरून बोलते तीच मुलाला हवी.

प्रश्न : कोरेगाव तालुक्यात शिक्षक आहे. अध्ययन अक्षमतेवर प्रबंध करतो आहे. मुलं माझ्याच शाळेतली आहेत, मग पालकांची लेखी संमती कशाला? आणि मुलांचे व्हिडिओ घेतले तर चालतील का?

तुमच्याच शाळेतली आहेत म्हणूनच लेखी संमती हवी. गुरुजींना नाही म्हणणं पालकांना अवघड जातं. संमतीपत्र दुसऱ्या कोणाच्या हातून द्या आणि त्यात साध्या मराठीत लिहा की नकार दिला तरी मुलाच्या गुणांवर किंवा वागणुकीवर परिणाम होणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि 12 ते 18 च्या मुलाचा लेखी होकार पालकांच्या संमतीबरोबरच वेगळा घ्यायचा असतो. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी पहिल्या मुलाला तपासण्याआधी हवी. नंतर घेतलेली चालत नाही.

नाव बदललं म्हणजे ओळख झाकली असं खेड्यात होत नाही. ‘कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातील सरपंचांची नात, इयत्ता चौथी’ एवढं वाचलं की अख्ख्या गावाला कळतं. गाव, घराण्याचा व्यवसाय, भावंडांची संख्या यांतलं विश्लेषणाला लागत नसेल ते काढून टाका. व्हिडिओसाठी संमतीचा वेगळा रकाना ठेवा, वैयक्तिक मोबाइलवर घेऊ नका, शाळेच्या व्हॉट्सॲप गटात तर चुकूनही नको, आणि गुण भरून झाल्यावर किती महिन्यांनी पुसणार ते संमतीपत्रातच लिहा.

निवडीबद्दल एक सूचना. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, पण 2018 च्या मार्गदर्शनात तिचं प्रमाणपत्र 8 वर्षांनंतरच द्यायचं आणि 14 व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करायची असं ठरलं होतं; 2024 मध्ये नवं मार्गदर्शन आलं, तेही पाहून घ्या. त्यामुळे दुसरीतल्या मुलाला प्रबंधात ‘अध्ययन अक्षम’ लिहू नका, ‘वाचनात मागे’ लिहा. वाचनात मागे पडलेल्या मुलांतून दृष्टी, श्रवण, वर्षभरातली गैरहजेरी आणि कमी बुद्ध्यंक ही कारणं आधी बाजूला काढा; हजेरीपटावरून गैरहजेरीचे दिवस मोजायला एक दुपार पुरते. आणि 2013 पूर्वीचे शोधनिबंध वाचताना लक्षात ठेवा की तोपर्यंतच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत स्वमग्नता आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) ही दोन निदानं एकाच मुलाला देता येत नव्हती. त्या काळातल्या नमुन्यांतून अशी मुलं वगळलेली असतात, तुमच्या वर्गात मात्र ती बसलेली असतील.